थायरॉइड काढल्यावर वजन आणि थकवा : पहिल्या वर्षात काय करायचं, कोणत्या क्रमाने

माझी थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली, त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. गळ्यात गाठ लागली, सुईने तपासणी झाली, पॅपिलरी कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया झाली. सगळं दीड महिन्यात उरकलं. ‘कॅन्सरांतला त्यातल्या त्यात बरा’ असं येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगून गेला. खरा त्रास सुरू झाला तो नंतर. पाच महिन्यांत वजन ५८ किलोवरून ६५ वर गेलं. मी शाळेत गणित शिकवते. चौथ्या तासाला फळ्यासमोर उभं राहवेना. संध्याकाळी घरी येऊन पर्स टाकली की मी सोफ्यावर, आणि कुकर लावायला नवरा.

कारण कळलं तेव्हा हसू आलं आणि रागही. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि वाफाळता चहा असं सगळं मी एकाच बैठकीत घेत होते. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर दोन्ही गोळ्यांपुढे ‘सकाळी’ एवढंच लिहिलेलं होतं. माझा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूच्या तळाशी बनणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वर जातो, जास्त झालं की खाली येतो) १९ निघाला. म्हणजे गोळी रोज पोटात जात होती, पण अंगी पुरेशी लागत नव्हती.

म्हणून हा लेख. पहिल्या सहा महिन्यांत वजनाशी भांडायला जाऊ नका. आधी गोळीची वेळ बसवा, मग रिपोर्ट, मग ताट. क्रम उलटा केलात तर उपाशीही राहाल आणि वजनही हलणार नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस ठरवणं-बदलणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम. ग्रंथीचा अर्धाच भाग काढला असेल तर उरलेला भाग बऱ्याच जणांना पुरतो आणि गोळी लागतेच असं नाही. पुढचं सगळं मुख्यतः पूर्ण ग्रंथी काढलेल्यांसाठी आहे.

१. आधी एक फाईल करा

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात हे करून टाका, कारण पुढे आयुष्यभर हेच कागद कोणी ना कोणी मागणार आहे.

– डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद (किती ग्रंथी काढली, तिच्या मागच्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी जागेवर ठेवल्या का, हे त्यात असतं)
– बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट. तो बहुतेक वेळा डिस्चार्जनंतर मिळतो आणि आणायचा राहून जातो
– शस्त्रक्रियेआधीचे टीएसएच, कॅल्शियम आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट
– आत्ताची औषधांची चिठ्ठी
– एक साधी वही : तारीख, डोस, टीएसएच, वजन, आणि त्या आठवड्यात कसं वाटलं याची एक ओळ

वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून एक आकडा लिहून घ्या : ‘माझा टीएसएच किती ते किती असावा?’ हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गॉयटर (थायरॉइड वाढून गळा फुगणं) किंवा साध्या गाठींसाठी ग्रंथी काढली असेल तर लॅबच्या नेहमीच्या मर्यादेत टीएसएच ठेवतात. कर्करोगात मात्र धोका किती त्यावर ठरतं. कमी धोका असेल तर साधारण ०.५ ते २, जास्त असेल तर मुद्दाम ०.१ च्याही खाली. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा टीएसएच असा मुद्दाम खाली ठेवलेला होता. त्या सर्दीसाठी दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी रिपोर्टवर ‘कमी’ अशी खूण पाहिली आणि चांगल्या मनाने डोस उतरवला. पहिल्या पानावर आकडा असता तर हे टळलं असतं.

२. पहिले पंधरा दिवस : बोटांच्या मुंग्यांकडे लक्ष

थायरॉइडच्या पाठीमागे बहुतेकांना चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा कमी झाला तर दोन-चार दिवसांतच कॅल्शियम खाली येतं. ओठांभोवती मुंग्या, बोटांची टोकं बधिर, पोटऱ्यांत गोळे ही त्याची लक्षणं. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं. थोड्यांना कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप) कायम घ्यावं लागतं.

मुंग्या वाढत गेल्या, हाताची बोटं आपोआप आखडायला लागली किंवा श्वासाला त्रास वाटला तर ‘उद्या बघू’ नको. तडक दवाखाना गाठायचा.

आपलं आपण कॅल्शियम बंद करू नका. मुंग्या थांबल्या म्हणून मी तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडल्या, आणि चौथ्या दिवशी खडू धरताना बोटं वाकडी झाली. कॅल्शियम रक्त तपासून टप्प्याटप्प्याने उतरवतात. आपल्याकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या सर्रास मिळतात. त्या जेवणासोबत घ्यायच्या, कारण विरघळायला पोटातलं आम्ल लागतं.

३. गोळीची वेळ : सगळं इथेच अडतं

लेव्होथायरॉक्सिन हे औषधाचं नाव. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन हे आपल्याकडचे नेहमीचे ब्रँड. ग्रंथी जे टी-४ संप्रेरक बनवायची तेच या गोळीत असतं, आणि शरीर त्यातून लागेल तसं टी-३ (प्रत्यक्ष काम करणारं संप्रेरक) बनवून घेतं. ग्रंथी पूर्ण गेली असेल तर साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने सुरुवात करतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर कमी.

स्विस शल्यविशारद टेओडोर कोखर यांना थायरॉइडच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं. ग्रंथी पूर्ण काढलेले आपले रुग्ण पुढे सुस्त, मंद आणि सुजलेले होतात हे त्यांनीच १८८३ मध्ये मांडलं होतं. तेव्हा ही गोळी नव्हती. पहाटेचा अलार्म वाजला की मला हे आठवतं आणि कुरकुर जरा कमी होते.

नियम असे :

– रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. होय, चहासुद्धा.
– कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन आणि ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध यांच्यात आणि या गोळीत किमान चार तास हवेत.
– पँटोप्रॅझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. त्यांनी थायरॉक्सिन शोषलं जाणं कमी होतं आणि डोस बदलावा लागू शकतो.
– सोयाबीनचे पदार्थ आणि भरपूर कोंड्याचा नाश्ता गोळीच्या लगेच मागे नको.

माझं वेळापत्रक : उशाशी पाण्याचा तांब्या आणि एका छोट्या वाटीत एक गोळी. साडेपाचला अलार्म, गोळी, पुन्हा अर्धा तास लोळण. साडेसहाला चहा. कॅल्शियम होतं तेव्हा ते दुपारी डब्यासोबत आणि रात्री जेवताना. वाटी का? तर ‘घेतली की नाही?’ हा प्रश्न रोज सकाळी पडतो. वाटी रिकामी म्हणजे घेतली.

पहाटे उठणं जमत नसेल तर रात्री झोपतानाही गोळी चालते, पण शेवटच्या घासानंतर तीन तास जायला हवेत. आमच्याकडे जेवायलाच साडेनऊ वाजतात, तेव्हा आमच्यासाठी तो मार्ग बंद. रमजानचे रोजे ठेवत असाल तर रात्रीच्या वेळेचं डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या.

उपवासाचंही इथेच सांगते. एकादशी-चतुर्थीला गोळी सोडायचं कारणच नाही, उलट पोट रिकामंच असतं. अडचण येते ती हरितालिकेच्या निर्जळी उपवासाला. मी सासूबाईंना सरळ सांगितलं की हे औषध आहे, दोन घोट पाणी लागणारच. त्या म्हणाल्या, ‘देवाला कळतं गं, तू घे.’ उपवासाचे चार दिवस, परीक्षेचे दोन, प्रवासाचा एक असं करत महिन्यात आठवडा गोळी चुकली की रिपोर्टमध्ये ते दिसतंच.

एखाद्या दिवशी राहिली तर घाबरू नका. या औषधाचा अर्धा भाग अंगात आठवडाभर टिकतो. त्याच दिवशी आठवलं आणि पोट बऱ्यापैकी रिकामं असलं तर घ्या. नाही आठवलं तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

गोळ्या ऊन, दमटपणा यांपासून लांब, मूळ बाटलीतच ठेवा. गॅसच्या शेजारचं कपाट आणि गाडीचा डॅशबोर्ड या दोन्ही जागा वाईट. ब्रँड वरचेवर बदलू नका. दुकानदाराने ‘हीच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी बाटली दिली आणि ती घ्यावीच लागली, तर वहीत तारीख टाका आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा. बाटलीवरचा आकडाही दर वेळी वाचा. २५ आणि १२५ मध्ये एकाच आकड्याचा फरक आहे.

४. सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करू नका

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी रिपोर्ट काढून रडण्यात अर्थ नाही (मी काढला होता). एकदा आकडा जागेवर बसला की सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने तपासतात.

रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्या. नाहीतर फ्री टी-४ (रक्तातला मोकळा टी-४) थोड्या वेळापुरता वर दिसतो. लॅब शक्यतो एकच ठेवा.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही. थायरॉइड खालीवर झालं की केस गळतात, केस गळले की मैत्रीण बायोटिनच्या गोळ्या सुचवते. बायोटिन जास्त मात्रेत घेतलं तर कित्येक लॅबच्या यंत्रांत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. डोस जास्त होतोय असं वाटून तो उतरवला जातो आणि तुम्ही आणखी गळून जाता. तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

५. रेडिओआयोडीन सांगितलं असेल तर

कर्करोगात उरलेल्या थायरॉइड पेशी मारण्यासाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीन म्हणजे रेडिओआयोडीन. ते सगळ्यांना लागत नाही. लागलं तर काही ठिकाणी त्याआधी तीन-चार आठवडे थायरॉक्सिन बंद ठेवून टीएसएच मुद्दाम वर जाऊ देतात. काही ठिकाणी त्याऐवजी इंजेक्शन देतात, पण ते महाग असतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ पासून चालू असलेल्या या केंद्रात राज्यभरातून थायरॉइडचे रुग्ण येतात.

गोळी बंद असलेले आठवडे जड जातात. अंगावर सूज, थंडी वाजणं, शब्द न आठवणं, दोन-तीन किलो वजन वाढणं हे अपेक्षितच असतं. त्या काळात डाएट सुरू करू नका, महत्त्वाची कामं ठेवू नका आणि शक्यतो दुचाकी किंवा गाडी चालवू नका. कमी आयोडीनच्या आहाराची यादी रुग्णालय देतं, तीच पाळा. व्हॉट्सॲपवर फिरणारी नको.

६. आता वजन

टीएसएच जागेवर आल्यावरच या पायरीवर या.

थायरॉइड कमी पडल्याने वाढलेल्या वजनात मोठा वाटा पाणी आणि मीठ साचण्याचा असतो, चरबीचा कमी. डोस बसला की तो भाग उतरतो. माझे सातपैकी तीन किलो काहीही न करता अडीच-तीन महिन्यांत गेले. उरलेल्या चार किलोंना चौदा महिने लागले, आणि ते माझेच होते : पाच महिने सोफ्यावर बसून मिळवलेले.

ग्रंथी जास्त काम करत होती म्हणून काढली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शरीर नेहमीपेक्षा जास्त जाळत होतं, म्हणून चार पोळ्या खाऊनही तुम्ही बारीक होता. शस्त्रक्रियेनंतर जळणं नेहमीवर येतं, भुकेची सवय मात्र जुनीच राहते. आजारात गेलेलं वजन परत येणार हे धरून चला. ते खरं तर बरं झाल्याचं वजन आहे, पण तिथे थांबवायचं असेल तर पोळ्या पहिल्या महिन्यापासूनच मोजायला हव्यात.

मी काय केलं ते सांगते. चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, जवळपास दोनशे कॅलरी. थकवा आला की चहा आणि चहा आला की बिस्किट, असं ते चक्र होतं. कप तीनवर आणले, साखर अर्ध्या चमच्यावर. स्टाफरूममधल्या फरसाणाच्या डब्यापासून लांबची खुर्ची पकडली. विनोद वाटेल, पण याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला.

जेवणात भात-पोळी तोडण्यापेक्षा प्रथिनं आधी वाढवली. आपल्या ताटात वरण असतं, पण ते पाणीदार. एका वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात सहा. आता सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी डब्यात मटकी-चवळीची उसळ भाजीएवढी, रात्री एकच भाकरी आणि पिठलं किंवा वरण, ताक. मांसाहारी असाल तर मासे, चिकन आहेच. साबुदाण्याची खिचडी महिन्यातून दोनदा, तीही एक वाटी.

एकदम उपाशी राहण्याचे प्रयोग टाळा. फारच कमी खाल्लं की शरीर टी-४ पासून टी-३ बनवणंही कमी करतं. मी अकरा दिवस फक्त सूपवर काढले. दीड किलो गेलं, पुढच्या पंधरवड्यात दोन आलं.

वजन आठवड्यातून एकदाच करा : त्याच काट्यावर, त्याच वारी, सकाळी. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी साचतं, तो आठवडा वहीत वेगळ्या खुणेने लिहा.

आणि सगळ्यात मोठा सापळा : ‘डोस थोडा वाढवला तर वजन पटापट उतरेल ना?’ उतरेलही, पण त्यात स्नायू जातात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. अमेरिकेत तर या औषधाच्या माहितीपत्रकावर ‘वजन कमी करण्यासाठी वापरू नये’ असा इशारा चौकटीत छापलेला असतो. हात थरथरणं, छातीत धडधड, झोप उडणं, कारण नसताना चिडचिड असं होत असेल तर डोस जास्त असू शकतो. टीएसएच करून घ्या.

७. थकवा : टीएसएच ठीक, तरी अंगात त्राण नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त जणी विचारतात. टीएसएच जागेवर येऊन तीन महिने झाले तरी थकवा असेल तर तो थायरॉइडच्याच खात्यावर टाकू नका. डॉक्टरांशी बोलून एवढ्या तपासण्या करून घ्या : हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर. फेरिटिन वेगळं सांगते कारण हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. माझं बी-१२ तळाला होतं. शाकाहारी घरातली मी, अंडी नंतर सुरू केली. त्याआधी कोणी तपासलंच नव्हतं. लोहाची गोळी सुरू झाली तर ते चार तास पुन्हा आठवा.

घोरणं आणि सकाळी डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते बघावं. चाळिशी ओलांडली असेल तर रजोनिवृत्तीही दारात असते. मन खचलं असेल तर तेही थकव्याच्याच रूपात येतं. कॅन्सर हा शब्द ऐकलेल्या माणसाचं मन सहा महिन्यांत पूर्ववत होत नाही. मी समुपदेशकाकडे चार वेळा गेले. आधीच जायला हवं होतं.

व्यायामाची सुरुवात चालण्याने. टाका भरेपर्यंत जड उचलणं आणि मान ताणणं सर्जन सांगतील तोवर बंद. मी पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या गेटपर्यंत, मग दहा मिनिटं, तिसऱ्या महिन्यात अर्धा तास असं चालले. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठ-बस आणि भिंतीला हात टेकून दंड. नुसत्या चालण्यापेक्षा यानेच जिने चढणं सोपं झालं. जास्त केलं की दुसऱ्या दिवशी आडवी व्हायचे, म्हणून नियम केला : आज जमलं त्याच्या थोडं अलीकडेच थांबायचं.

काही जणांना टी-४ सोबत टी-३ दिल्याने बरं वाटतं, असं वाचाल. हा निर्णय हॉर्मोनतज्ज्ञाचा. ऑनलाइन गोळ्या मागवू नका.

८. कोबी, आयोडीन आणि शेजारच्या काकू

कोबी, फ्लॉवर, मुळा खाऊ नको असं निदान दहा जणांनी मला सांगितलं. या भाज्यांतले काही घटक ग्रंथीला आयोडीन वापरताना अडथळा करतात, तेही खूप आणि कच्च्या खाल्ल्या तर. ज्याच्या गळ्यात ग्रंथीच नाही, त्याला कसला अडथळा? फ्लॉवर-बटाट्याची भाजी खुशाल खा. ‘आयोडीन वाढव म्हणजे थायरॉइड सुधारेल’ याचंही तेच. सुधारायला तिथे काही उरलेलं नाही. काढे, चूर्णं, ‘तीन महिन्यांत गोळी बंद’ वगैरे ऐकलं की विषय बदला. गोळी बंद केली तर दोन-तीन आठवड्यांत शरीर मंदावू लागतं, आणि तसंच चालू ठेवलं तर जिवावर बेतू शकतं.

९. दिवस राहिले तर

टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, साधारण पाव ते तिसरा हिस्सा, आणि बाळाची स्वतःची ग्रंथी चालू होईपर्यंत ते आईच्याच संप्रेरकावर असतं. मूल हवं असेल तर आधीच टीएसएच बघून घ्या. रेडिओआयोडीन झालं असेल तर किती महिने थांबायचं हे त्याच डॉक्टरांना विचारा. याच काळात लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतात, तेव्हा गोळ्यांचं वेळापत्रक नव्याने मांडून फ्रिजवर चिकटवा. माझ्या धाकट्या जावेने तसंच केलं होतं : साडेपाच थायरॉइड, दीड वाजता लोह, रात्री नऊ कॅल्शियम.